सोनवणे भाऊजींचा लेप

आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सोनवणे भाऊजी यांनी एका रविवारी माझ्या गॅसवर भाकरीचा तवा चढवला. तव्यावर तीन वेगवेगळ्या ट्यूबांतल्या पेस्टचे ठिपके दिले, त्यांवर माझ्याच तीन स्टीलच्या वाट्या दाबून बसवल्या आणि प्रत्येक वाटीत माझंच तूप घातलं. मग गॅस बारीक करून म्हणाले, "वहिनी, कोणतं तूप आधी पघळतं ते बघा. तुमची नजर तयार हाय."

मी खानावळ चालवते. माझी नजर तयार आहे ती डब्यातलं तूप कमी झालेलं ओळखण्यासाठी. त्या वाट्या मी पुन्हा स्वयंपाकघरात घेतल्या नाहीत, हे आधीच सांगते.

ती पेस्ट दाताची नव्हती आणि गुडघ्याचीही नव्हती. कॉम्प्युटरमध्ये चित्रं उभी करणारं एक ग्राफिक्स कार्ड असतं. ते फार तापतं. त्याची चिप आणि तिच्यावर बसणारा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये ही पेस्ट भरतात, म्हणजे चिपची उष्णता ठोकळ्यात जाते आणि पंखे ती बाहेर फेकतात. भाऊजी तिला लेप म्हणत. "दोन पत्रे किती बी घासून बसवा, मधी हवा राहतीच. अन् मधी हवा राहिली की खेळ खलास."

हे वाक्य ते कुठंही लावत. डब्याचं झाकण सैल बसलं, मधी हवा राहिली. त्यांच्या बहिणीचं नवऱ्याशी वाजलं, मधी हवा राहिली. त्यांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. त्याबद्दल विचारलं तर फक्त "राहून गेलं" म्हणत.

ते वाळूजला एका कारखान्यात मोटारीच्या सुट्या भागांच्या तपासणीवर होते. सुटीच्या दिवशीही तपासणी चालूच. माझी भाकरी उजेडाकडं धरून सांगायचे, "कडंला जाड, मधी पातळ. रिजेक्ट." आणि मग ती खायचे. वर आणखी एक मागायचे.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहराभोवती नव्या इमारती उठत होत्या, प्रत्येकीवर 'चोवीस तास पाणी' अशी पाटी आणि प्रत्येकीच्या फाटकात टँकर. आमच्या नळाला पाणी येतं ते जायकवाडीचं, आणि धरणानं तळ गाठला होता. त्या तळात भाऊजींचं गाव होतं. ते शाळकरी असताना पाण्याखाली गेलेलं, ते आता उघडं पडलं. दर सुटीला मोटारसायकल काढून ते तिकडं जात आणि प्रत्येक दगडाभोवती फिरून फोटो काढत. ते सगळे फोटो जोडून कॉम्प्युटर अख्खं गाव उभं करणार होता, माउसनं आत फिरता येईल असं.

पण त्या जोडणीला दिवसच्या दिवस लागत आणि कार्ड मध्येच तापून मशीन बंद पडे. पुन्हा पहिल्यापासून. जोडणी पुरी झाल्याशिवाय कुठला फोटो राहिलाय ते कळणार नव्हतं, आणि एकदा पाऊस पडला की राहिलेला फोटो कायमचा राहिला. त्यामुळे अख्खं शहर आभाळाकडं बघत असताना हे एकटे म्हणत, "अजून जरा थांबला तर बरं."

"भाऊजी, हे खाली टँकरच्या रांगेत बोलू नका," मी म्हटलं. "मार खाल."

तर तुपाच्या परीक्षेत पातळ, चांदीच्या रंगाची पेस्ट पहिली आली. घट्ट राखाडी शेवटची. त्या ट्यूबा घेऊन आलेले कॉम्प्युटर दुकानदार इरफानभाई मात्र मान हलवत होते. "सोनवणेभाई, ये पतला माल है. अपने यहाँ की गर्मी में बह जाएगा."

"अहो, घी से साबित हुआ है!"

"तो फिर घीच लगा लो ना."

भाऊजींनी पातळच लावली. मशीन थोडे दिवस चाललं आणि बंद पडलं. ते खाली आले आणि पायरीवर बसले. भाकरी उजेडाकडं न धरताच खाल्ली, तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"उघडून बघितलं. लेप सगळा कडंला पळाला, मधी कोरडं ठाक. आता आभाळ बी भरून यायलंय, वहिनी."

"पातळ पिठलं ताटात पळतं, तसंच हे," मी म्हटलं. "वाढताना बरं दिसतं. तुम्हाला वाढायचं नाहीये, टिकवायचंय. ती घट्ट लावा. पसरत नसेल तर ट्यूब आधी ऊन पाण्यात धरा."

"पण ती तर नापास झाली की."

"परीक्षा चुकीची होती. तूप माझं गेलं, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?"

घट्ट पेस्ट लागली. वरच्या खोलीतला कूलर पाण्यावाचून गरम हवाच फेकत होता, म्हणून मी भाजी धुतलेल्या पाण्याची बादली रोज वर पाठवू लागले. त्यांच्या खोलीला मेथीचा वास येऊ लागला. पण मशीन बंद पडलं नाही.

पाऊस आला. धरणात पाणी चढू लागल्यावर गल्लीत पेढे वाटले गेले. भाऊजींनीही एक खाल्ला आणि मला म्हणाले, "वर या. झालं. एक बी फोटो राहिला नाय."

पडद्यावर भेगाळलेला गाळ होता आणि दगडांच्या ओळी. मारुतीचा ओटा त्यांनी दाखवला. मग एका चौकोनावर बोट ठेवलं. "हे आमचं."

गुडघ्याएवढंही बांधकाम उरलं नव्हतं. मला संध्याकाळचे डबे भरायचे होते. मी माउस घेतला आणि सरळ दगडांवरून आत नेला.

"अहो वहिनी! भिंत हाय तिथं!"

मी माउस मागं घेतला. "मग कुठून?"

"दार हाय ना. इकडून या, कडुलिंबाच्या अंगानं."

कडुलिंब कुठंच नव्हता. मी वळसा घातला. दोन दगडांमधली मोकळी जागा समोर आली.

"हां. आता वाका थोडं," ते म्हणाले. "चौकट बुटकी हाय. नवीन माणसाला लागती."

मी वाकले.