सिल्वेस्टरकाकांचं बर्फावर लक्ष

इथे आखातात, आमच्या करामा भागातल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सगळे उकाड्याबद्दल बोलतात. सिल्वेस्टरकाका बर्फाबद्दल बोलतात. ‘वरती ठीक आहे, पण खाली गवत दिसायला लागलंय,’ असं ते घाम पुसत सांगतात. नव्या वॉचमनला ती गच्चीची तक्रार वाटली. बिचारा वर जाऊन बघून आला.

काका वसईचे, एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. स्वतः बर्फावर कधी पाय ठेवलेला नाही. त्यांची एकुलती एक मुलगी रीना मात्र शाळेत असताना इथल्या मॉलमधल्या बर्फावर स्कीइंग शिकली आणि आता आल्प्समधल्या एका गावात लोकांना शिकवते. काकी गेल्यापासून घरात काका एकटेच. त्या गावच्या उतारावर कॅमेरा आहे. काका मोबाईलवर तो उतार बघत बसतात. चहा गाळतानासुद्धा मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवलेला असतो.

मला नसत्या चौकशा फार. त्यातूनच एक गोष्ट लक्षात आली. तिकडे बर्फ चांगला पडला की काका गप्प असतात. वितळायला लागला की चेहरा चिंतेचा आणि हातात सुरमईची पिशवी. ‘कंडिशन एकदम खराब आहे,’ म्हणत ते पडदे धुतात, रीनाच्या खोलीतला एसी साफ करून घेतात. सीझन लवकर आटोपला की पोर लवकर घरी येते. हे ते कबूल करत नाहीत.

त्याऐवजी थिअरी सांगतात. ‘डोंगराचं काम खलास. पुढे बर्फ मॉलमध्येच राहणार. रीनाला इथेच जॉब मिळेल, इन्शाल्ला. घरून डबा घेऊन जाईल.’

‘आणि तिला इथे यायचं नसेल तर?’ मी एकदा विचारलं.

‘हबीबी, तू लिफ्टचं बटण दाब.’

यंदा मार्चमध्येच उतार मातकट झाला. काकांनी खुशीत मला जेवायला बोलावलं. पानावर बसतो तोच रीनाचा व्हिडिओ कॉल आला.

‘पप्पा, दे आर क्लोजिंग धिस वीक. नेक्स्ट इयर मेबी दे वोन्ट ओपन ॲट ऑल.’ आणि ती रडायलाच लागली.

थिअरी मांडायची हीच वेळ होती. पण काका म्हणाले, ‘जेवलीस का, बाय?’

फोन ठेवल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं. ‘तिची आई गेली तेव्हा अशी रडली होती,’ म्हणाले.

ती यायची त्या दिवशी मी त्यांना एअरपोर्टला घेऊन निघालो. काकांचा शर्ट कडक इस्त्रीचा, भांग ओला. वाटेत त्यांनी गाडी चर्चकडे वळवायला लावली. आत गेले ते लवकर येईनात. शेवटी बाहेर आले, सीट बेल्ट लावला.

मला राहवलं नाही. ‘पोर तर येतेय, काका. आता आणखी काय मागितलंत?’

‘बर्फ,’ ते म्हणाले. ‘तिच्या गावाला. यल्ला, चल, फ्लाइट लँड झाली असेल.’