नानांनी मारलेली माणसं

आमच्या सहकारी बँकेत नाना चौगुल्यांनी मला बऱ्याचदा मारलंय. एकदा तर चहाचा कप तोंडाला लावलेला असताना.

नियमच तसा आहे. पूर येवो, सर्व्हर बसो, नाहीतर माणूस मरो, बँकेचं काम थांबता कामा नये. आणि थांबत नाही, हे रंगीत तालीम घेऊन दाखवायचं. नाहीतर दंड. हे खातं नानांकडं. तालमीच्या दिवशी ते सकाळी दारात उभे राहून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत. "तू मेलास. ट्रॅक्टरखाली. जा, कोपऱ्यात बस." मेलेल्यानं बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. खाल्लं तर चालेल.

एकदा त्यांनी मॅनेजरसाहेबांनाच मारलं. शिरोळचे एक पावणं कर्जाचं विचारायला आले. शिपाई म्हणाला, "साहेब वारले." पावण्यांनी टोपी काढली, आत डोकावून बघितलं.

"आवो, हे तर केळं खात्यात!"

"खाऊ देत. संध्याकाळपतोर मेलेतच ते," नाना ओरडले. "त्यांच्या जागी जाधव मॅडम हाईत. तिकडं जावा. कायदा हाय, बाबा!"

हा कायदा ते लग्नातही घेऊन जात. भाचीच्या लग्नात त्यांनी ऐन मुहूर्तावर भटजींना विचारलं, "तुमचा घसा बसला तर पुढचं कोण म्हणणार?" मुलीच्या बापानं त्यांना दंडाला धरून पंगतीत नेऊन बसवलं.

यंदा तपासणीला आलेल्या बाईंनी शेरा मारला: सगळ्यांना पर्याय आहे, चौगुल्यांना नाही. पुढची तालीम त्यांच्याशिवाय घ्या.

"बरोबर हाय," नाना म्हणाले. त्या दिवशी मीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, मेलात. घरी जावा." सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

तालीम झकास चालली. वीज घालवून बघितली, जनरेटर लागला. कुणाचं काही अडलं नाही. दुपारी डबा घेऊन बाहेर आलो, तर नाना पायरीवर बसलेले.

"घरी गेला नाहीत?"

"गेलतो की. कुलूप काढलं, बसलो जरा." मग चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत म्हणाले, "ही गेल्यापासनं दिवसाचा घरात कधी बसलोच न्हाय बघ. आत काय अडलं न्हाय न्हवं?"

"नाही," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

"चांगलं हाय," नाना रस्त्याकडं बघत म्हणाले. "चांगलंच हाय की."

डबा तसाच घेऊन मी आत गेलो आणि जाधव मॅडमच्या कानाला लागलो. थोड्या वेळानं मॅडम कपाळाला हात लावून बाहेर आल्या. "नाना, सर्व्हरची लाइन गेलीया. काय केल्या जमंना झालंय. चला की आत!"

नाना ताडकन उठले. एक चप्पल पायरीवरच राहिली.

"मला म्हाईतच हुतं! नापास! सगळी नापास!"

मॅडमनी उपटून ठेवलेली वायर त्यांना टेबलाखाली सापडेपर्यंत बराच वेळ गेला. तेवढा वेळ आम्ही सगळे माना खाली घालून, पोटभर बोलणी खात उभे राहिलो.