ओरडणारे आणि रुसलेले

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुंदाताई बोधनकर सत्तरी ओलांडल्यावरही रोज संध्याकाळी चहाबरोबर पंक ऐकत. पंक म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी हळहळू नये. जबलपुरात, विजय नगरात राहायला येईपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं. चार पोरं गिटारी आणि ढोल घेऊन एका खोलीत शिरतात, आतून कडी लावतात आणि घराला आग लागल्यासारखी ओरडतात, असं साधारण त्याचं स्वरूप असतं. या ओरडण्याच्या काळ्या तबकड्यांनी कुंदाताईंचं लोखंडी कपाट भरलेलं होतं.

रेकॉर्ड लावण्याआधी त्या खिडकी उघडायच्या. लोक अशा वेळी खिडकी लावून घेतात, पण कुंदाताई उघडायच्या. मग घसा साफ करून, साजूक तुपातल्या आवाजात म्हणायच्या, "लाइन लागली आहे. बोला." आणि पोरं बोलायला लागायची.

हा आवाज सरकारी होता. कुंदाताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून गेली. आजच्या मुलांना सांगूनही पटत नाही, पण तेव्हा परगावी बोलायचं तर आधी कॉल नोंदवायचा, मग वाट पाहत बसायचं, आणि लागलाच तर तीन मिनिटं झाली की मध्येच ऑपरेटर विचारायची, "तीन मिनट हो गए, और बात करेंगे?" कॉल लागला नाही की लोक ऑपरेटरवर ओरडायचे, लागून तुटला की आणखी ओरडायचे.

"आणि मी 'जी सर, जी सर' करत बसायची," कुंदाताई सांगायच्या. "माझं ओरडायचं राहूनच गेलं. आता ही पोरं माझ्या वाटचं ओरडून राहिली."

पहिली रेकॉर्ड त्यांना ग्लोरियानं दिली. ही त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी अँग्लो-इंडियन मैत्रीण. लग्न करून विलायतेला गेली आणि पहिल्या सुट्टीत येताना ही भेट घेऊन आली, बहुतेक थट्टा म्हणून. कुंदाताईंनी ती लावली आणि संपेपर्यंत उभ्याच राहिल्या. पुढे ग्लोरिया दर खेपेला दोन-चार आणायची. ती वारल्यावर कुंदाताईंनी मुंबई-दिल्लीच्या जुन्या बाजारांतून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गळ्यात पडून संग्रह वाढवला. मशीनचा पट्टा तुटला तेव्हा रिछाईतल्या एका कारखान्यातून रबराचा पट्टा बनवून आणला. मशीन थोडं भरभर फिरायला लागलं. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. म्हणाल्या, "चलो, पोरांना घाई असेल."

त्यांचा संगीतविचार तीन मिनिटांचा होता. "ट्रंकवर मी रोज ऐकलं ना. खरं काही सांगायचं असलं की माणूस तीन मिनिटांत सांगतो. मुलगा झाला, बाबा गेले, लवकर ये. बाकी सगळं 'और सुनाओ' असतं." त्यांच्या बहुतेक पोरांची गाणी तीन मिनिटांच्या आत संपायची, म्हणून ती खरी. आमच्या ह्यांना शास्त्रीय संगीताची आवड. एकदा त्यांनी मोठ्या हौसेनं एक बडा ख्याल ऐकवला. कुंदाताईंनी बराच वेळ सभ्यपणे ऐकून विचारलं, "हे बुवा अजून लाइनच चेक करून राहिले का?" त्या दिवसापासून ह्यांनी वरच्या मजल्याशी संगीताची बोलणी बंद केली.

कपाटात दोनच वर्ग होते. वरच्या खणात ओरडणारे, खालच्या खणात रुसलेले. ओरडणारे म्हणजे पंक. रुसलेल्यांना जाणकार लोक इंडी म्हणतात, असं मला नंतर कळलं, पण कुंदाताईंचं नाव जास्त बरोबर होतं. "यांना राग आलाय, पण सांगवत नाही. भिंतीकडे तोंड करून गातात. लाडात वाढलेली पोरं आहेत, पण मनानं चांगली." शब्द समजतात का, असं मी विचारलं तर माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "अगं, तमिळ, बंगाली, पंजाबी, सगळे ओरडायचे माझ्यावर. कधी कोणाला भाषांतर विचारावं लागलं नाही."

कॉलनीच्या समितीचे तिवारीजी एकदा आवाजाची तक्रार घेऊन आले. कुंदाताईंनी त्यांना बसवलं, लाडू दिला आणि ऑपरेटरच्या आवाजात विचारलं, "तिवारीजी, खमरिया में तोप की टेस्टिंग होती है, तब आप किसके घर जाते हैं?" तिवारीजींनी लाडू संपवला आणि घरी गेले.

त्यांचा खरा शत्रू खाली, आमच्याच घरात होता. माझ्या सासूबाई. वर पहिली किंकाळी फुटली की त्या जाळं काढायचा बांबू घेऊन छत ठोकायच्या. "बाईमाणूस आहे की काय आहे! नाही नवरा, नाही पोर, म्हणून सगळ्या कॉलनीच्या कानांची वाट लावून राहिली." हे वर्षानुवर्षं चाललं. मग एका संध्याकाळी बांबू हातात धरून सासूबाई मला म्हणाल्या, "काहून गं, आज त्या खोकणाऱ्या पोराचं नाही लावलं? सोमवारी तर तेच असते. बरी आहे ना ती?" मी तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात पळाले.

मागच्या दिवाळीच्या आधी कुंदाताई न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण भिंत धरून चालायला लागल्या. पुण्याहून भाचा मुकुंद धावत आला. मुकुंद मुलगा चांगला आहे, हे आधीच सांगते, कारण पुढे तो तुम्हाला उगाच वाईट वाटेल. त्यानं मावशीला पुण्याला न्यायचं ठरवलं. कपाटाचे फोटो काढून कोणाकोणाला पाठवले, आणि बंगळुरूचा एक संग्राहक सगळं उचलायला तयार झाला.

कुंदाताई म्हणाल्या, "मी विकणार नाही."

"मावशी, आमच्या फ्लॅटमध्ये हे कपाट मावणार कुठं? आणि खरं सांग," मुकुंद अगदी प्रेमानं म्हणाला, "तुझ्यानंतर हे ऐकणार कोण? आत्ता तरी तुझ्याशिवाय कोण ऐकतं?"

तिवारीजींना लाडवासकट परत पाठवणारी ही बाई पदरानं कपाटाची कडी पुसायला लागली. मी तिथंच होते. मला त्या मुलाचा राग आला. रथसप्तमी झाली की न्यायला येतो, असं सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून कुंदाताईंनी अख्खा संग्रह पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतला. सकाळी केर काढून झाला की सुरू. एक रेकॉर्ड लावायची, डोळे मिटून ऐकायची, मग खिडकीतून खाली बघत बसायचं. खाली काय, रोजचंच. गुप्ता भाभी भाजीवाल्याशी घासाघीस करत असायच्या, कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून गच्चीवर कपडे वाळत घालायची. मग कुंदाताई ती रेकॉर्ड पलंगावरच्या एखाद्या ढिगावर ठेवायच्या.

"विकायला निवडून राहिल्या का?" मी विचारलं.

"नाही. नंबर जोडून राहिली," त्या म्हणाल्या. मला काही समजलं नाही.

समजलं ते संक्रांतीला. सणाच्या आधीच कुंदाताई कठडा धरत धरत खाली आल्या आणि सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या. "वहिनी, माझ्याकडे हळदीकुंकू आहे. या."

सासूबाई बघतच राहिल्या. हळदीकुंकू सवाशिणींचं. कुंदाताईंचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे त्यांना जन्मात कोणी ते करू दिलं नव्हतं. आणि सासूबाईंना, आमचे सासरे गेल्यापासून, अधारतालपासून विजय नगरपर्यंत एकाही घरानं बोलावलं नव्हतं. संक्रांत आली की त्या गुडघा दुखतो म्हणून आतल्या खोलीत जाऊन बसायच्या.

"तू कुमारी, मी अशी. हे कसलं हळदीकुंकू?"

"मी बायकांना बोलावून राहिली, त्यांच्या नवऱ्यांना नाही. नवरा आहे की गेला की आलाच नाही, ही चौकशी कशाला? कुंकू नको तिनं हळद लावावी, हळद नको तिनं चहा प्यावा."

"लोक काय म्हणतील?"

"ओरडतील. मला सवय आहे."

झाडून सगळ्या बायका आल्या. निम्म्या आपुलकीनं, निम्म्या गंमत बघायला. सासूबाई शेवटी आल्या आणि दाराजवळच बसल्या. कुंदाताई करंडा घेऊन भिंतीभिंतीनं त्यांच्यापर्यंत गेल्या आणि विचारलं, "काय लावू?" सगळ्या बायकांच्या माना वळल्या. सासूबाईंनी बराच वेळ करंड्याकडे पाहिलं. "हळद लाव," त्या म्हणाल्या. कपाळाला बोट लागलं तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मग वाण. संक्रांतीला बायका वाण लुटतात, म्हणजे डबी, वाटी, गाळणी असलं काहीबाही येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात देतात. कुंदाताईंनी कपाट उघडलं आणि रेकॉर्डी लुटायला सुरुवात केली.

सरसकट नाही, प्रत्येकीला तिची. गुप्ता भाभींचं एकही वाक्य गुप्ताजी पुरं होऊ देत नाहीत. त्यांना मिळाली एका मुलीची, जी गाण्यात श्वासही घेत नाही. "इसको कोई बीच में नहीं टोकता, भाभी." कोपऱ्यावरच्या सुनेला रुसलेल्यांपैकी एक. "तुझ्यासारखीच आहे ही, कोणाला काही सांगत नाही." ती पोरगी एकदम कावरीबावरी झाली. तिवारी भाभींना एका बाजूला मुकाट भासणारी, पण दुसऱ्या बाजूला भांडी फोडणारी. आणि सासूबाईंना सगळ्यांत जोराची.

"मला कशाला?"

"तुम्ही रोज ऐकलं. खालून का होईना."

"मी तर ठोकत होती."

"ठोकायला आधी ऐकावं लागते, वहिनी."

मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तू तशीही येतेस. तुला वाण कशाला?" रथसप्तमीपर्यंत हे चालूच होतं. जुन्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी, दूधवालीची आई, पोळ्यावाली बाई, सगळ्या घेऊन गेल्या. कपाट रिकामं झालं. मग मला कुंदाताईंचा बेत दिसला. रेकॉर्डी सगळ्या विजय नगरभर, पण त्या वाजवायचं मशीन फक्त त्यांच्याकडे. ज्या बाईला आपलं वाण ऐकायचं, तिला त्यांच्या घरी यावंच लागणार.

पण कोणी आलं नाही.

तिवारी भाभींनी हळदीकुंकवाबरोबर मिळालं म्हणून आपली रेकॉर्ड देवघरात ठेवली. तिच्या पाकिटावरच्या जीभ बाहेर काढलेल्या, फाटक्या कोटातल्या पोराला रोज अगरबत्ती मिळायला लागली. गुप्ता भाभींनी पाहुण्यांना दाखवायला दिवाणखान्यात उभी केली. संध्याकाळी वरून काहीच ऐकू येईना. सासूबाई छताकडे बघत म्हणायच्या, "आजही काही नाही वाजलं."

मी वर गेले. कुंदाताई मशीनची पिन पुसत बसल्या होत्या. मी चिडूनच म्हटलं, "स्वतःसाठी एक तरी ठेवायची होती!"

"ठेवली असती तर ऐकत बसली असती, एकटीच," त्या म्हणाल्या. "अगं, इतकी वर्षं दोन माणसांना जोडून दिलं आणि मी बाजूला झाली. मला म्हणून फोन कधी आलाच नाही. आता कोणी आल्याशिवाय हे मशीन वाजणार नाही. नाही आलं तर मुकुंद म्हणते ते खरं."

रथसप्तमीनंतर मुकुंद आला, खोकी आणि चिकटपट्टी घेऊन. रिकामं कपाट बघून त्यानं मलाच वर बोलावलं. "काकू, रेकॉर्ड्स कुठं आहेत?"

"लुटल्या," कुंदाताई म्हणाल्या. "वाण म्हणून."

"मावशी! मी त्या माणसाला शब्द दिलाय. परत मागून आणू आपण."

"वाण परत मागतात का रे? तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

मुकुंद मराठी घरातला, वाण परत मागत नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. तो खोक्यांवर बसला. मग अगदी हळू आवाजात, खरंच काळजीनं, त्यानं विचारलं, "आलं का गं कोणी ऐकायला?"

"येईल," कुंदाताई म्हणाल्या. हनुवटी वर, पण हात मांडीवर घट्ट धरलेले.

"आणि नाही आलं तर?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण कुंदाताईंकडे बघवेना.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबत. एक आवाज मी ओळखला, कारण तो गुडघा आमच्या घरातला होता. मागून दुसराही आवाज येत होता. गुप्ता भाभी कोणाला तरी एक पूर्ण वाक्य सांगत होत्या. घंटी वाजली. मुकुंद दार उघडायला उठला.

"तू बस," कुंदाताई म्हणाल्या आणि भिंत धरून उभ्या राहिल्या. "मी उघडते. माझ्याकडे आलंय कोणीतरी."