रोवणीखाली ठेवलेली रजा

"आता येथून मानूस जाईल कोठं? कोंडून राहिला ना बिचारा."

रहांगडाले सर हे कोणालाच उद्देशून म्हणाले नव्हते. पडद्यावरच्या पानाच्या तळाशी पुढे जायला लिंक नव्हती, आणि तिथे अडकलेल्या माणसाची त्यांना दया आली होती.

आमचं ऑफिस मुर्रीला, तांदळाच्या कंपनीचं. कंपनीचं मोठं विकी आहे, म्हणजे कामाची सगळी माहिती ठेवणारी, आतल्या लोकांपुरती वेबसाइट. कोणीही पान लिहावं, त्यामुळे पानं हजारोंनी. ती लावून ठेवणं सरांचं काम. सर नवेगाव बांधचे. पान त्यांना धानाच्या बांधीसारखं, बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यासारखं वाटतं. "एकीतून दुसरीत पानी उतरलं पायजे." वीज गेली की बाकीचे चहाला जातात. सर डोळे मिटून बोटानं हवेतच पानं हलवत राहतात. अशा वेळी मी समोरून जात नाही, वळसा घालते. उगाच एखादं पान अंगाला लागायचं.

टीम लीडर पूनम मॅडम म्हणायच्या, "सर, सर्च है ना. कायले इतकं लावून राहिले?"

"सर्च आहे मॅडम. पर रस्ता नाही ना."

एकदा त्यांनी रजेच्या अर्जाचं पान 'कर्मचारी'मधून उचलून 'रोवणी'खाली, म्हणजे भातलावणीच्या पानांत ठेवलं. माणूस रजा तेव्हाच मागतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. नागपूरच्या मुख्य ऑफिसला मात्र बरेच दिवस रजा सापडेना. मग निरोप आला, सगळी मांडणी काढून टाका, फक्त सर्च ठेवा. सरांची नोकरीतली बहुतेक वर्षं त्या मांडणीत गेली होती.

मोडण्याआधी पानं तपासायचं काम माझ्याकडे आलं. त्यात 'डबा' नावाचं पान होतं. मी नवीन असताना कामाच्याच एका पानाच्या तळाशी त्याची लिंक दिसली होती. "मागच्या खिडकीजवळ बसावे. तेथून शेत दिसते. तेथे एक जण असतोच." गेले, तर खिडकीशी सर एकटेच. "ये बेटा," एवढंच म्हणाले. तेव्हापासून आम्ही तिथेच जेवतो, बहुधा न बोलता. बाहेर बगळे या बांधीतून त्या बांधीत जात असतात, आणि दुपार संपतच नाही असं वाटतं.

ते पान सगळ्यांसाठी असेल, असं मी समजत होते. आता त्याचा इतिहास, म्हणजे ते कोणी कधी लिहिलं, कोणी उघडलं याची नोंद, उघडला. मी रुजू झाले त्याच आठवड्यात सरांनी लिहिलेलं. वाचणारी मी एकटी.

मांडणी मोडायची ठरवायला मीटिंग झाली, तेव्हा सर खाली बघत होते. "तुमची मर्जी," म्हणाले.

"तो फिर, कोणाला काही म्हणायचं आहे?" मॅडमनी लॅपटॉप मिटत विचारलं.

मी मीटिंगमध्ये कधी बोलत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा कळलं, मी उभी आहे.

"मॅडम, सर्चला आधी विचारावं लागतं," मी म्हणाले. "मी नवीन होते, मला विचारता येत नव्हतं."