बिनदारूच्या सरबताची चौकशी

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या बँक्सिया कोर्ट या गल्लीत नाताळाआधीच्या शनिवारी सगळे रहिवासी क्लाइव्हच्या अंगणात जमून पितात. याला तिथे शेजारधर्म म्हणतात. यंदा नोएलीनने लिंबं पिळली, पुदिना चुरडला, वर सोडा ओतला आणि सरबताचा मोठा जार टेबलावर आणून ठेवला. गल्लीच्या समितीच्या दृष्टीने पहिली अनियमितता इथेच घडली.

नोएलीन वर्षभर दारूला शिवली नव्हती. तिच्या लेकीने, तामसिनने, स्पष्टच सांगितलं होतं, "आई, नाताळपर्यंत एक थेंब नको. मगच मिलीला तुझ्याकडे राहायला सोडीन." आज दुपारी ती नातीला घेऊन येणार होती. नोएलीनने पलंगावर नवी चादरसुद्धा घालून ठेवली होती.

"यात दारू नाही, हे कशावरून?" समितीचे अध्यक्ष क्लाइव्ह यांनी विचारलं. त्यांच्या हातात बिअर होती.

"अरे, लिंबू आहे ते! मी स्वतः केलंय."

"तू म्हणतेस गं. पण बिअरवर कसं, सगळं छापलेलं असतं. तुझ्या जारवर काय आहे?"

मुद्दा बिनतोड होता. बर्फात गाडलेल्या बाटल्या तपासायची गरजच नव्हती. त्यांत दारू आहे याबद्दल कुणाला तिळमात्र शंका नव्हती. संशयास्पद होतं ते सरबत. ताबडतोब एक चव-उपसमिती नेमण्यात आली. सदस्य सकाळपासून पीत असल्यामुळे त्यांच्या अनुभवाबद्दल प्रश्न उद्भवला नाही.

उपसमितीने एकेक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "मिळमिळीत आहे," ग्लेनिसने अहवाल दिला. "बिटर्सचा कडू अर्क घाल की थोडा! सगळेच घालतात."

गाडी चालवत घरी जाणाऱ्यांना आणि शाळकरी पोरांनाही पबात लिंबाच्या सरबतात बिटर्स घालूनच देतात, तेव्हा ते निर्धोकच, यावर एकमत झालं. नोएलीन "नको, नको" म्हणेपर्यंत ग्लेनिसने घरून छोटी बाटली आणून तो तांबूस अर्क जारमध्ये सढळ हाताने शिंपडला.

"आता कसं माणसांत आलं!" असं म्हणून क्लाइव्ह यांनी कर्तव्यबुद्धीने चष्मा लावला आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. मग त्यांचा चेहरा पडला.

"चव्वेचाळीस टक्के! नोएलीन, तुझ्या सरबतात दारू आहे!"

ते ओरडले तेव्हा तामसिन मिलीला कडेवर घेऊन फाटकात उभी होती.

"तामसिन, ऐक गं, मी नाही घातली! मी प्यायलेही नाही!"

"घातली कुणी हा मुद्दा गौण आहे," क्लाइव्ह म्हणाले. "जार तुझा आहे."

"दरवेळी दुसऱ्या कुणीतरीच घातलेली असते, आई," तामसिन म्हणाली आणि गाडीकडे वळली.

समितीने जागच्या जागी ठराव केला. घरगुती सरबताला यापुढे बंदी. सुरक्षिततेसाठी फक्त सीलबंद बिअर आणि वाइन. जार झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकला. नोएलीनबद्दल सगळ्यांनाच फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की काय करायचं हे त्या गल्लीला पाठ होतं. कुणीतरी वाइनचा ग्लास तिच्यापुढे धरला.

"घे गं. आता काय फरक पडतो? एकाने काही होत नाही."

हात कुणाचा, हे नोएलीनने मान वर करून पाहिलं नाही. तुम्ही मात्र जरा निरखून पाहा. परवाच्या पार्टीत, नको नको म्हणणाऱ्या मित्रापुढे, हेच वाक्य बोलत तुम्ही जो हात पुढे केला होतात, तो हाच नव्हे का?