दरबार पुसला गेला त्याची हकीकत

श्रीविद्युद्देवी प्रसन्न. जिच्या येण्याने पडदा उजळतो आणि जिच्या जाण्याने सारा मुलूख हातावर हात ठेवून बसतो, तिला प्रथम नमन; तैसेच जुन्या यंत्रांच्या पोटातील ज्ञात-अज्ञात तारांस नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका दरबारावर जो प्रसंग गुदरला, त्याची हकीकत ऐसी.

दरबार म्हणाल तर त्यास ना तट, ना बुरूज. इंटरनेटाच्या अफाट मुलखातील चिमुकले संस्थान, रयत अवघी त्रेचाळीस, आणि सगळेच जुन्या कॉम्प्युटरांचे नादी. जग ज्यास भंगार म्हणते ते हे लोक घरी आणीत, पुसून काढीत, उघडून बसत आणि वीस वर्षे मुका असलेला एखादा डबा पुन्हा बोलू लागला की त्याची वार्ता दरबारात लिहीत, मग बाकीचे बेचाळीस जण घरी पुत्र जाहल्यासारखे अभिनंदन करीत. दौलतीच्या धनी हेमलताबाईसाहेब सबनीस, मुक्काम सांगली. तंत्रनिकेतनात तीस वर्षे कॉम्प्युटर शिकवून निवृत्त जाहल्या आणि स्वस्थ बसवेना म्हणून अकरा वर्षांमागे त्यांनी हा दरबार मांडिला. सारी पत्रे त्यांच्याच घरी, माजघरातील एका जुनाट यंत्राच्या डिस्कवर राहत. वाचण्यास मनाई कोणासच नव्हती, लिहिण्यास मात्र बाईंची सनद लागे. बाई शिस्तीच्या कडक आणि मनाच्या मऊ, परंतु हा मऊपणा कोणाच्या नजरेस पडू नये याविषयी फार दक्ष.

आता मध्यंतरी एक यादवी जाहली ती सांगितली पाहिजे. जुन्या यंत्रांचे पांढरे प्लास्टिक काळाने पिवळे पडते. त्यास औषध लावून उन्हात ठेविले तर पुन्हा पांढरे होते. ते करावे की न करावे, यावरून दरबारात दोन तट पडले आणि कोणी कोणास आवरेना. बाईसाहेब पिवळ्यांच्या पक्षास. त्यांचे म्हणणे, वय झाले ते दिसू द्यावे, त्यात लाज कसली? पांढऱ्यांचे सेनापती शामराव चौगुले, मुक्काम गडहिंग्लज, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे दुकान, हातात गुण मोठा आणि जिभेस लगाम मुळीच नाही. त्यांनी भर दरबारात बाईंस लिहिले, "बाई, तुम्ही केस काळे करताय ते चालतंय. मग त्या बिचाऱ्या डब्यानं काय घोडं मारलंय?" झाले! बाई आरशासमोर गेल्या, परत आल्या आणि चौगुल्यांची सनद जप्त केली. कारण लिहिले, 'वैयक्तिक शेरेबाजी'. शेरा खरा होता हेच दुःख, पण ते हुकुमात कोण लिहितो? चौगुल्यांनी माफी मागितली नाही, बाईंनी बोलाविले नाही, आणि ऐसी सहा वर्षे गेली.

मग तो मार्गशीर्षातील सोमवार उजाडला. दर सोमवारी भोजनोत्तर बाईंनी सर्व पत्रांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावी असा शिरस्ता होता. नकलेची जुनी डिस्क दोन दिवसांमागे खर्रखर्र करून वारली होती, म्हणून बाईंनी नवी कोरी आणविली, दोन्ही डिस्का शेजारी शेजारी जोडिल्या आणि हुकूम सोडिला. तीस वर्षे पोरांना ओरडून सांगितले होते की कोठून कोठे ते दोनदा वाचा. त्या दिवशी स्वतः एकदाच वाचले आणि तेही उलटे वाचले. कोऱ्या डिस्कची नक्कल भरल्या डिस्कवर उतरू लागली. यंत्र जुने असले तरी इमानी, सांगितले ते त्याने शेवटपर्यंत केले. अकरा वर्षांचे बोलणे, भांडणे, थट्टा, नकाशे, वारलेल्या सभासदांची पत्रे, सारे गेले. बाई पडद्याकडे पाहत बसल्या. चहा गार जाहला. मग त्यांनी कारभाऱ्यास फोन लाविला आणि म्हणाल्या, "अन्वरभाई, मी दरबार पुसला. आता बंदच करते. ज्या बाईला नक्कल करता येत नाही तिनं कसला दरबार चालवायचा?"

कारभारी अन्वर मुजावर, कोल्हापुरास स्टेशनरीचे दुकान, माणूस सबुरीचा. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, रागावणार नसाल तर एक नाव घेऊ का? गडहिंग्लजचे चौगुले दर महिन्याला माझ्याकडनं भोकांचा लांब कागद नेतात, खोका खोका. जुन्या प्रिंटरचा. एवढं काय छापता म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, दरबार. पडद्यावर वाचलेलं मनात ऱ्हात न्हाई म्हणाले."

बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे मी जायचं?"

"मी जाऊन येतो की."

"नको. पुसलं मी, जाईनही मीच."

मग बाईसाहेबांनी दुसरे दिवशी सकाळी लाल गाडीने कूच केले. नजराणा म्हणून भडंगाचा पुडा घेतला, वाटेत दोनदा वाटले की उतरावे आणि परत जावे, दोनदा गाडी थांबली आणि दोनदा त्या बसूनच राहिल्या. दुपारी गडहिंग्लजास दाखल जाहल्या. दुकान लहान, तीन भिंतींस उघडे टीव्ही, मध्ये बनियनवर चौगुले, हातात तारांस डाग देण्याची तापलेली इस्त्री. वर पाहिले, ओळखले आणि उठून सदरा चढविला.

"बाई, तुम्ही व्हय? या की. वाट चुकलासा काय?"

बाईंनी रस्ताभर तोंडपाठ केलेले भाषण तोंडातच राहिले. म्हणाल्या, "चौगुले, माझ्या हातून सगळं पुसलं गेलं. अकरा वर्षांचं."

"नक्कल?"

"नक्कल करायलाच बसले होते."

चौगुल्यांनी इस्त्री खाली ठेविली. "उलटी मारलासा?"

बाईंनी मान डोलाविली. आता हा माणूस हसणार, आणि हसला तर आपण काय करायचे, ऐसे त्यांच्या मनात आले. चौगुले हसले नाहीत. म्हणाले, "माझ्याबी हातनं झालंतं. मेव्हण्याच्या लग्नाची कॅसेट. कोरी वर आली, लगीन गेलं. दोन वर्सं सासुरवाडीला पाय ठेवला न्हाई." मग एक स्टूल पुढे सरकवून ते माळ्यावर चढले आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे एकामागून एक खाली देऊ लागले. प्रत्येकावर महिना लिहिलेला, दरबार मांडिला त्या महिन्यापासूनचा. धूळ उडाली आणि बाई शिंकल्या आणि गठ्ठे मात्र संपेनात.

बाईंनी एक सोडिला. कागदाची घडी उलगडत गेली आणि दरबार जसाच्या तसा समोर आला. परंतु समासात पेन्सिलीने काही लिहिले होते. दुसरा सोडिला, तेथेही तेच. सनद गेल्याच्या दिवसापासून पुढे प्रत्येक पानावर, जिथे कोणी काही विचारले तिथे, बारीक अक्षरात ओळ होती. 'पॉवरची पट्टी बदल.' 'आधी चिपचे पाय साफ कर, मग शंका घे.' एके ठिकाणी बाईंनी स्वतः चार वर्षांमागे विचारिले होते की माझे पहिले यंत्र चालू होते पण पडदा काळाच राहतो. त्यास दरबारात उत्तर मिळाले नव्हते, आणि यंत्र कापडात गुंडाळून माळ्यावर गेले होते. समासात लिहिले होते, 'डाव्या हाताचा कंडेन्सर फुगलाय, फोटोत दिसतोय. कोणीतरी बाईंना सांगा.'

"हे काय, चौगुले?"

"उत्तरं."

"पण तुम्हाला पाठवता येत नव्हतं."

"ते खरं हो. पण कुणी विचारल्यावर गप कसं बसायचं?"

बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपविले नाहीत. म्हणाल्या, "केसांचं तुम्ही म्हणालात ते खरं होतं." चौगुले म्हणाले, "खरं असलं म्हणून काय झालं, चारचौघांत बोलायला नगं हुतं. बसा, च्या सांगतो." मग भडंगाचा पुडा फुटला आणि पांढऱ्या-पिवळ्याचा वाद पुन्हा निघाला, आणि संध्याकाळची गाडी चुकता चुकता राहिली.

पुढे गठ्ठे त्रेचाळीस घरी वाटिले गेले आणि ज्याने त्याने आपल्या वाट्याचा महिना पुन्हा टंकून काढिला. कारभाऱ्यांनी विचारिले, पेन्सिलीचे काय करावे? हुकूम आला की पेन्सिलही टंकावी, ज्या पत्राशेजारी आहे त्याच पत्राखाली, चौगुल्यांच्या नावाने आणि त्या दिवसाच्याच तारखेने. कामास फाल्गुन उजाडला.

तात्पर्य, दौलत गेली ती कागदावरून परत आली. चौगुल्यांची सनद बहाल जाहली. ते रोज लिहितात, बाई एक दिवसाआड त्यांजवर रागावतात आणि काढीत मात्र नाहीत. बाईंचे यंत्र बोलू लागले. कराडचे बापूसाहेब थोरात यांनी सहा वर्षांमागे विचारिले होते की आमच्या यंत्राची घरघर कशाने थांबेल, घरचे लोक कंटाळले आहेत. बापूसाहेब परवाच्या साली वारले. त्यांच्या पत्राखालीही आता उत्तर आहे, 'पंख्यात तेलाचा एक थेंब सोडा, बापू, आणि कळवा.'