दिगंबरकाकांची खरखर

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आमच्या गल्लीत कुणाचा मोबाइल चार्जिंगला लावलेला दिसला, तर दिगंबरकाका तो स्वतःच्या हाताने काढतात. विचारत नाहीत. चपला काढून आत येतात, चार्जर उपसतात, "पंधरा मिनिटं दम खा" म्हणतात आणि पुढच्या घरात शिरतात.

काका सेलूच्या एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. घरात एकटेच. मुलगी परभणीला नोकरी करते, एवढंच आम्हाला ठाऊक. जुन्या रेडिओची खरखर घालवणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग. "ह्या चार्जरांनी न् एलईडी बल्बांनी सगळी हवा नासवली," असं त्यांचं मत. आणि पालुपद एकच, "लाइन साफ पायजे!" आमटी घट्ट झाली तरी तेच म्हणतात.

गच्चीवरून समोरच्या कडुलिंबापर्यंत त्यांनी तांब्याची तार ताणली आहे. अर्थिंगची सळई दारापुढच्या मातीत. माती ओली राहिली की आवाज सुधारतो, म्हणून काका अंघोळ झाल्यावर उघड्या अंगानेच तिच्यावर तांब्याभर पाणी घालतात. शेजारच्या नव्या सुनेने हे चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी सळईला हळदकुंकू वाहिलं. सोमवारी बेलही वाहिला. सासूने कपाळाला हात लावला. काका मात्र खूश. "राहू द्या हो, बरकत आली. खरखर लय कमी झाली!"

हा सगळा आटापिटा कशासाठी, तर साडेसहाच्या हवामानासाठी. काकांना गुंठाभर शेत नाही. "काका, उद्या पाऊस आहे का?" असं विचारावं, तर "ते न्हाई ऐकलं" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी छत्रीशिवाय बाजारात जाऊन चिंब भिजून येतात.

मी एकदा त्यांना मोबाइलवर रेडिओ लावून दिला. खणखणीत आवाज. काकांनी मिनिटभर ऐकून मोबाइल परत दिला. "ह्यात आवाज इस्त्री करून येतो. मला चुरगळलेला पायजे." मी हात टेकले.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवा इन्व्हर्टर आला आणि काकांचा रेडिओ किंचाळायला लागला. काका धावत आले. "इन्व्हर्टर न् मेन, दोन्ही बंद कर!" आमची मॅच ऐन रंगात आलेली. मी वैतागलो.

"काका, पाऊस पडो नाही तर न पडो, तुमचं काय बिघडणार आहे?"

बोललो आणि लगेच जीभ चावली. काका उंबऱ्यातच थांबले.

"हवामान माझी शुभांगी वाचती," ते म्हणाले. "जावई गेले तवापासून एकलीच हाय पोरगी. फोन केला की 'मी बरी हाय बाबा' म्हणती. भेटायला गेलो तर हसून दाखवती. मी रेडिओ ऐकतो, हे तिला सांगितलेलं न्हाई. लाइन साफ असली की कळतंय मला."

मला स्वतःची लाज वाटली. मी इन्व्हर्टर बंद केला, मेन स्विच पाडला आणि त्यांच्यामागे त्यांच्या घरी गेलो.

"मराठवाड्यात तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता..." एक बाई संथपणे वाचत होती. मला त्यात हवामानाखेरीज काहीच ऐकू आलं नाही. काका रेडिओला कान लावून, डोळे मिटून बसले होते. बातमीपत्र संपलं तसा त्यांनी श्वास सोडला.

"आज जेवली हाय," ते म्हणाले.